छप्पर दिसतं, छपराखालचा माणूस नाही: उपग्रहांची नजर आणि उद्याचं युद्ध

जून २०२५ चा शेवटचा आठवडा. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. नववीच्या वर्गात आम्ही भूगोलाचा पहिला धडा काढला होता, पण मुलांचं लक्ष धड्यात नव्हतं. घरोघरी मोबाईलवर इराणच्या डोंगराचे फोटो फिरत होते. मधल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, फोर्डोच्या डोंगरावर बॉम्ब पडले, त्याची सहा भोकं फोटोत साफ दिसतात. मग आत काय झालं ते कुणी पक्कं का सांगत नाही? उपग्रहाला तर सगळं दिसतं ना?"

प्रश्न उगाच आलेला नव्हता. तिचे मामू कतारला कामाला आहेत. २३ जूनच्या संध्याकाळी इराणने दोह्याजवळच्या अल-उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली, त्या रात्री तिच्या घरात कुणी झोपलं नव्हतं. आपल्यापैकी अनेक घरांतली माणसं आखाती देशांत आहेत. त्यामुळे तिकडचं युद्ध आपल्यासाठी फक्त टीव्हीवरची बातमी राहत नाही.

आम्ही वर्गात चार वाक्यांत उत्तर दिलं आणि धडा पुढे नेला. पण घरी आल्यावर उत्तर अपुरं वाटत राहिलं. "उपग्रहाला सगळं दिसतं" हा समज फक्त मुलांचा नाही, मोठ्यांचाही आहे. आणि उद्याची युद्धं याच समजावर लढली जाणार असतील, तर तो तपासून बघायला हवा.

फोर्डोच्या फोटोत काय होतं, काय नव्हतं

आधी त्या मुलीच्या फोटोबद्दल. फोर्डो हे इराणच्या कोम शहराजवळचं युरेनियम समृद्ध करण्याचं केंद्र. ते डोंगराच्या पोटात बांधलेलं आहे, आणि मुख्य दालनं ८० ते ९० मीटर खोल असल्याचं सांगितलं जातं. २२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या बी-२ विमानांनी त्यावर खोल घुसणारे प्रचंड बॉम्ब टाकले. दुसऱ्याच दिवसापर्यंत एका खासगी कंपनीच्या उपग्रहाने काढलेले फोटो जगभर पोहोचले. डोंगरावर सहा भोकं, आजूबाजूला राखाडी धूळ. त्याआधीच्या १९ जूनच्या फोटोत भुयाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोळा ट्रक उभे दिसत होते.

आता बघा, फोटो खरे. भोकं खरी. ट्रकही खरे. पण ट्रकमध्ये काय होतं? भुयाराची तोंडं बुजवायला आणलेली माती होती, की आतलं काही सामान बाहेर नेलं जात होतं? इराणकडे उच्च प्रमाणात समृद्ध केलेलं ४०० किलोपेक्षा जास्त युरेनियम होतं, ते कुठे गेलं? फोटोत याचं उत्तर नव्हतं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी केंद्र पूर्ण नष्ट झाल्याचं जाहीर केलं. तर त्यांच्याच लष्करी गुप्तचर खात्याच्या प्राथमिक अंदाजात कार्यक्रम काही महिन्यांनीच मागे गेल्याचं म्हटलं आहे, अशा बातम्या आल्या. एकाच डोंगराकडे बघून दोन अर्थ निघाले, कारण खरी गोष्ट खडकाच्या खाली होती आणि नजर खडकाच्या वर.

उपग्रह एका जागी थांबून का बघत नाही?

बऱ्याच जणांना वाटतं की हेर उपग्रह शत्रूच्या डोक्यावर थांबून, सीसीटीव्हीसारखा चोवीस तास बघत असतो. तसं होत नाही. बारकाईने फोटो काढणारे उपग्रह जमिनीपासून साधारण ५०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्या उंचीवर टिकून राहायचं तर सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने पळावंच लागतं. वेग कमी झाला की उपग्रह खाली येणार. या वेगाने मुंबई ते नागपूर हे सरळ अंतर दीड-पावणेदोन मिनिटांत संपतं. पृथ्वीची एक फेरी साधारण दीड तासाची, दिवसाला पंधरा फेऱ्या. पण पृथ्वीही खाली फिरत असते, म्हणून प्रत्येक फेरीत खालची पट्टी बदलते. एखादं गाव एका उपग्रहाच्या टप्प्यात आलं तरी ते काही मिनिटांपुरतंच.

मग थांबणारे उपग्रह नसतातच का? असतात. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी स्थिर वाटतो. टीव्हीवर हवामानाच्या बातमीत ढगांचं जे चित्र दिसतं ते तिथून येतं. पण ते अंतर सत्तर पटींनी जास्त आहे. तिथून चक्रीवादळ दिसतं, रणगाडा दिसत नाही. जवळ जावं तर थांबता येत नाही, थांबावं तर नीट दिसत नाही. युद्धातल्या टेहळणीची पहिली अडचण ही.

यावर उपाय म्हणून आता एका मोठ्या उपग्रहाऐवजी लहान उपग्रहांचे थवे सोडले जातात. अमेरिकेची प्लॅनेट ही कंपनी अशा सुमारे दोनशे छोट्या उपग्रहांच्या जोरावर जगाच्या जवळजवळ सगळ्या जमिनीचा फोटो रोज काढते. हे थवे वाढत जातील, आणि दोन फोटोंमधलं अंतर तासांवर, पुढे मिनिटांवर येईल.

आलेख कागदाचा हिशेब

दुसरी अडचण बारकाव्याची. हे आम्ही वर्गात आलेख कागदावर समजावतो. उपग्रहाचा फोटो म्हणजे चौकोनांचा कागद. प्रत्येक चौकोनात एकच रंग भरायचा. जमिनीवरचा जेवढा तुकडा एका चौकोनात मावतो, तेवढा त्या कॅमेऱ्याचा बारकावा.

आपल्या इस्रोचा कार्टोसॅट-३ हा २७ नोव्हेंबर २०१९ ला सोडलेला उपग्रह. त्याचा एक चौकोन जमिनीवरच्या २५ सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्याएवढा, म्हणजे साधारण एक वीत. हा जगातल्या उत्तम कॅमेऱ्यांपैकी एक आहे. या मापाने साडेचार मीटर लांबीच्या मोटारीला सव्वाशेच्या आसपास चौकोन मिळतात. मोटार आहे की ट्रक, हे नक्की कळतं. पण वरून पाहिलं तर उभ्या माणसाचे खांदे जेमतेम दोन चौकोन. माणूस आहे एवढं कदाचित कळेल. तो सैनिक आहे की शेतकरी, हातात बंदूक आहे की कुदळ, बाई आहे की पुरुष, हे दोन चौकोनांत लिहिलेलं नसतं. आणि रोज फोटो काढणाऱ्या छोट्या उपग्रहांचा चौकोन तीन मीटरच्या आसपासचा. त्यात मोटार म्हणजे दीड ठिपका.

सिनेमात उपग्रहाच्या चित्रावर माणसाचा चेहरा ओळखतात, ती कथा-पटकथा. तिच्यावर विश्वास ठेवू नये.

ढग, रात्र आणि रडार

साध्या कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि आकाश मोकळं लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग असतात तेव्हा कोकणचा स्वच्छ फोटो मिळणं किती कठीण, हे सांगायला नको. युद्ध काही आकाश निरभ्र होण्याची वाट बघत नाही.

म्हणून रडार उपग्रह आले. हे स्वतः रेडिओ लहरी खाली सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र तयार करतात. विहिरीत आवाज दिला की घुमून परत येतो, तसं. त्याला रात्र आणि ढग आड येत नाहीत. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर भारताने एप्रिल २००९ मध्ये इस्रायली रडार असलेला रिसॅट-२ घाईने सोडला, तो यासाठीच.

पण रडारचं चित्र फोटोसारखं नसतं. ते दाणेदार, काळं-पांढरं असतं. त्यात रंग नाहीत, झेंडा नाही, पाटी नाही. धातूचे कोपरे लख्ख चमकतात. म्हणूनच पत्र्याचे तीन तुकडे काटकोनात जोडून माळावर ठेवले तरी रडारला तिथे काहीतरी मोठं असल्याचा भास होऊ शकतो. वाचायला सरावलेला माणूस नसेल तर हे चित्र म्हणजे न कळणारी लिपी.

लपणाऱ्याची हुशारी

उपग्रह केव्हा येणार हे गणिताने काढता येतं. ज्याला हे गणित येतं, त्याला लपता येतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे.

१९९५ च्या डिसेंबरमध्ये पोखरणला अणुचाचणीची तयारी सुरू असल्याचं अमेरिकेच्या उपग्रहांनी टिपलं. दिल्लीतल्या अमेरिकी राजदूतांनी त्याचा पुरावा सरकारपुढे ठेवला, आणि चाचणी थांबली. १९९८ मध्ये मात्र भारत तयारीत होता. लष्कराच्या ५८ व्या इंजिनिअर रेजिमेंटने जास्तीत जास्त काम रात्री केलं. पहाट होण्याआधी अवजड यंत्रं पुन्हा होती त्याच जागी उभी केली जात, म्हणजे सकाळच्या फोटोत काही हललेलं दिसू नये. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम लष्करी गणवेशात 'मेजर जनरल पृथ्वीराज' या नावाने तिथे वावरत होते, आणि डॉ. आर. चिदंबरम 'मेजर जनरल नटराज'. ११ आणि १३ मे १९९८ ला पाच चाचण्या झाल्या, तेव्हा अमेरिकेला बातमी कळली ती भारताच्या पंतप्रधानांनी जाहीर केल्यावर.

यानंतर अमेरिकेने ॲडमिरल डेव्हिड जेरेमाया यांना चौकशी करायला सांगितलं. त्यांनी काढलेला निष्कर्ष शिक्षक म्हणून आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचं म्हणणं असं की फोटो गोळा करण्याची ताकद फार आहे आणि ते वाचणारी माणसं कमी. शिवाय भारतीय आपल्यासारखाच विचार करतील, हे अमेरिकी तज्ज्ञांनी आधीच धरून ठेवलं होतं. म्हणजे डोळ्यांपेक्षा मोठी चूक डोक्यात होती.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, कोसोवोच्या युद्धात हेच वेगळ्या रीतीने घडलं. युगोस्लाव्ह सैन्याने लाकूड, ताडपत्री, प्लॅस्टिक यांचे खोटे रणगाडे आणि खोटे पूल उभे केले. युद्ध संपताना सुमारे १२० रणगाडे उद्ध्वस्त केल्याचं अमेरिकेने सांगितलं. सप्टेंबरपर्यंत नाटोनेच आकडा ९३ वर आणला. पुढच्या वर्षी 'न्यूजवीक' साप्ताहिकाने बातमी दिली की जमिनीवर जाऊन शोधणाऱ्या पथकाला फक्त १४ सापडले होते.

अलीकडचं बघा. २०२३ मध्ये रशियाच्या एंगल्स तळावरच्या बॉम्बफेकी विमानांच्या पंखांवर मोटारींचे जुने टायर रचून ठेवलेले उपग्रहाच्या फोटोंत दिसले. चित्रावरून विमान ओळखणाऱ्या यंत्राचा गोंधळ उडावा, हा त्यामागचा एक हेतू असल्याचं जाणकार सांगतात. कोट्यवधींचं तंत्रज्ञान एका बाजूला आणि भंगारातले टायर दुसऱ्या बाजूला.

दिसलं, पण वेळ निघून गेली

कधी कधी उपग्रह अगदी बरोबर बघतो आणि तरी उपयोग होत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने इस्रायल आणि सौदी अरेबियावर ऐंशीहून जास्त स्कड क्षेपणास्त्रं सोडली. ती ट्रकवरून सोडली जात. क्षेपणास्त्र उडाल्याची आग अमेरिकेचे उपग्रह लगेच टिपत. पण विमान तिथे पोहोचेपर्यंत ट्रक निघून गेलेला असे, एखाद्या पुलाखाली किंवा नाल्यात लपलेला असे. युद्धानंतर अमेरिकी हवाई दलाच्या स्वतःच्या पाहणीत असा एकही फिरता ट्रक विमानांनी नक्की नष्ट केल्याचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही.

दुसरं उदाहरण सांगताना मन जड होतं. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सामध्ये आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली. १० ऑगस्टला अमेरिकेच्या प्रतिनिधी मॅडलिन ऑलब्राइट यांनी सुरक्षा परिषदेत वरून काढलेले फोटो दाखवले. त्यात नोव्हा कसाबा गावाजवळची नुकतीच उकरलेली माती दिसत होती. ते फोटो पुढे गवाही म्हणून उपयोगी पडले, हे खरं. पण ज्यांच्यासाठी ते होते ती माणसं तोवर मातीखाली गेली होती. वरून बघितल्याने कुणाचा जीव वाचत नाही. बघितलेलं वेळेवर वाचलं आणि वाचून कुणी काही केलं, तरच वाचतो.

छपराखाली कोण?

आता सगळ्यात अवघड भाग. १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे अमेरिकेच्या दोन बॉम्बनी बगदादच्या अमिरिया भागातल्या एका इमारतीचं जाड सिमेंटचं छप्पर फोडलं. अमेरिकेचं म्हणणं होतं की ते लष्करी नियंत्रण केंद्र आहे. छपरावर लपवण्यासाठी दिलेला रंग आहे, भोवती काटेरी तारा आहेत. आत प्रत्यक्षात आजूबाजूच्या मोहल्ल्यातली कुटुंबं बॉम्बहल्ल्यांपासून वाचण्यासाठी रात्री झोपायला आली होती. चारशेहून अधिक लोक गेले. त्यात बायका आणि मुलं जास्त होती.

७ मे १९९९ च्या रात्री बेलग्रेडमध्ये चीनच्या दूतावासावर बॉम्ब पडले, तीन चिनी पत्रकार मारले गेले. अमेरिकेने खुलासा केला की लक्ष्य दुसरीच इमारत होती, नकाशे जुने होते, आणि उपग्रहाच्या फोटोत ती इमारत दूतावास असल्याची कोणतीच खूण नव्हती. चीनला हा खुलासा पटला नाही. पण खुलासा खरा धरला तरी तो आपला मुद्दाच सांगतो. इमारतीच्या दारावरची पाटी आकाशातून वाचता येत नाही.

आणि ५ फेब्रुवारी २००३ कोण विसरेल? अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकमधल्या ताजी इथल्या कोठारांचे उपग्रह फोटो दाखवले, त्यावर बाण काढले, आणि एका वाहनाकडे बोट दाखवून हे रासायनिक शस्त्रांच्या कामाचं वाहन असल्याचं सांगितलं. नऊ दिवसांनी संयुक्त राष्ट्रांचे मुख्य तपासनीस हान्स ब्लिक्स यांनी त्याच परिषदेत सांगितलं की ती हालचाल नेहमीच्या कामाचीही असू शकते. मार्चमध्ये युद्ध झालंच. ज्या शस्त्रसाठ्यासाठी युद्ध झालं तो सापडला नाही. फोटो खोटा नव्हता. फोटोवर काढलेला बाण चुकीचा होता.

डोळ्यावरच हल्ला, आणि उसना डोळा

उद्याच्या युद्धात पहिला घाव या डोळ्यांवरच पडेल. चीनने जानेवारी २००७ मध्ये स्वतःचा जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडून दाखवला. तीन हजारांहून जास्त मोठे तुकडे झाले, आणि त्यातले बरेच अजून फिरत आहेत. भारताने २७ मार्च २०१९ ला 'मिशन शक्ती'मध्ये सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा आपला उपग्रह पाडला. उंची कमी ठेवली ती तुकडे लवकर खाली येऊन जळावेत म्हणून. रशियाने १५ नोव्हेंबर २०२१ ला असाच प्रयोग केला, तेव्हा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या अंतराळवीरांना त्यांच्या यानांत आसरा घ्यावा लागला. आकाशातला कचरा देश बघत नाही. ज्याने फोडलं त्याच्याही उपग्रहाला तो लागू शकतो.

न फोडताही आंधळं करता येतं. लेझरने कॅमेरा दिपवता येतो, संदेशवहनात अडथळा आणता येतो, जमिनीवरची यंत्रणा हॅक करता येते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, त्याच पहाटे केए-सॅट उपग्रहाच्या इंटरनेटचे हजारो मोडेम सायबर हल्ल्याने बंद पडले. त्याची झळ जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांच्या दूरनियंत्रणालाही बसली.

आणि डोळा दुसऱ्याचा असेल तर? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या सरकारी व्यवस्थेतून युक्रेनला मिळणारे व्यापारी उपग्रहांचे फोटो काही दिवसांसाठी थांबवले. युद्ध चालू असताना पडदा पडला. उसना चष्मा मालकाने मागितला की काढून द्यावा लागतो.

भारत याच विचाराने स्वतःची व्यवस्था वाढवतो आहे. कारगिलनंतर ऑक्टोबर २००१ मध्ये एक मीटर बारकाव्याचा टीईएस उपग्रह सोडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने टेहळणीसाठी ५२ उपग्रहांच्या योजनेला मंजुरी दिली. त्यातले २१ इस्रो आणि ३१ खासगी कंपन्या बनवणार आहेत. वाट सोपी नाही. १८ मे २०२५ ला ईओएस-०९ हा रडार उपग्रह घेऊन निघालेलं पीएसएलव्ही तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडामुळे अपयशी ठरलं.

उद्याचा खरा धोका

आतापर्यंतच्या अडचणी एकत्र ठेवून बघा. थव्यांमुळे फोटो लाखोंनी येतील. ते वाचायला माणसं पुरणार नाहीत, म्हणून काम यंत्राच्या बुद्धीकडे जाईल. याची सुरुवात होऊन काही वर्षं झाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१७ मध्ये 'प्रोजेक्ट मेव्हन' सुरू केला, तो ड्रोनच्या चित्रणातल्या वस्तू यंत्राने ओळखाव्यात म्हणून. स्कडच्या वेळी तक्रार होती की दिसल्यापासून मारेपर्यंत वेळ फार जातो. आता तो वेळ कमी करण्याची शर्यत लागली आहे.

पण त्या मधल्या वेळात आणखी एक गोष्ट होत असते. कुणीतरी विचारतं, "थांबा, ही नक्की छावणीच आहे ना? इथे लोक तर राहत नाहीत ना?" अमिरियाच्या आधी हा प्रश्न नीट विचारला गेला असता तर चित्र वेगळं असतं. वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आणला, तर कापला जाणार आहे तो हाच प्रश्न. टायर ठेवलेल्या विमानापुढे गोंधळणारं यंत्र, लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या गाड्या बघून गोंधळणार नाही, याची हमी कोण देणार?

जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारात नियम आहे. हल्ल्याआधी लक्ष्य लष्करी आहे याची शक्य तेवढी खात्री करायची, आणि माणसाबद्दल शंका असेल तर त्याला सामान्य नागरिकच धरायचं. नियम जुना आहे, पण उद्याच्या युद्धाला तोच सगळ्यात जास्त लागणार आहे. यंत्राने लक्ष्य सुचवलं तरी खात्री करण्याची आणि जाब देण्याची जबाबदारी माणसाचीच राहिली पाहिजे.

आपल्या घरात काय करता येईल?

युद्ध थांबवणं आपल्या हातात नाही. पण चुकीचा बाण पुढे न ढकलणं आपल्या हातात आहे. उपग्रहाचा फोटो फोनवर आला की आधी बघा, तारीख कोणती? कुणी काढला? जागेचं नाव दिलं आहे का, आणि नकाशावर ती जागा तशीच दिसते का? आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही फोटो आहेत का? मग एक कागद घ्या, आणि फोटोत प्रत्यक्ष दिसतं ते एका बाजूला, सांगणारा म्हणतो ते दुसऱ्या बाजूला लिहा. "सोळा ट्रक" हे दिसलेलं. "युरेनियम पळवलं" हे म्हटलेलं. हल्ली असे फोटो बनावटही तयार होतात, म्हणून एकाच फोटोवर विसंबू नका. खबर पुढे देण्याआधी तहकीक करावी, हे आपल्या घरांत लहानपणीच शिकवतात. तेच इथे लागू करायचं आहे.

आठवड्याने आम्ही त्या वर्गाला संगणक कक्षात नेलं आणि नकाशात आपल्याच शाळेचा उपग्रह फोटो उघडला. मुलांनी पत्र्याची छपरं ओळखली, मैदान ओळखलं, कडुनिंब ओळखला. फोटो जुना होता, नवीन बांधलेल्या दोन खोल्या त्यात नव्हत्या. एक मुलगा म्हणाला, "सर, अनोळखी माणसाला हे गोदाम वाटेल." वर्ग हसला. मामू कतारला असलेली ती मुलगी मात्र बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "यात आपण कुठंच नाही आहोत."

आम्ही तिला सांगितलं, म्हणूनच छपराखाली कोण आहे, हे कुणीतरी खाली येऊन विचारलं पाहिजे. वरच्या डोळ्यांची संख्या वाढेल तसं हे विचारणं सोडून देऊ नये, एवढंच मागणं आहे.